यंत्र विकत, बुद्धी भाड्याने

सोलापुरात फाल्गुन सरता सरता ऊन असे तापू लागते की दुपारच्या वेळी गॅरेजवाला गाडी सावलीत ओढून घेतल्याशिवाय तिला हात लावत नाही. सात रस्ता, होटगी रस्ता, विजापूर रस्ता किंवा अक्कलकोट रस्त्याने औद्योगिक वसाहतीकडे जाणारी वाट. कुठेही पाहिले तरी पत्र्याच्या शेडखाली दोन-चार दुचाकी उघडून ठेवलेल्या, धुतलेले सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले आणि शिकाऊ पोरगा पेटीत दहा-अकराचा पाना शोधत असलेला, हे दृश्य जुनेच आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात एका वस्तूची भर पडली. मोबाइलएवढे किंवा थोडे मोठे असे एक यंत्र, त्याला जाड काळी केबल आणि केबलच्या टोकाला बदलून लावायची निरनिराळी कपलर. गॅरेजात त्याला नुसते 'स्कॅनर' म्हणतात. गाडीचा पिवळा दिवा पेटला, की सीटखालचे कपलर शोधायचे, स्कॅनर जोडायचा, पडद्यावर कोड वाचायचा आणि मग पान्याला हात घालायचा.

हे यंत्र घेतल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षे सुखात जातात. नंतर एके दिवशी पडद्यावर सूचना झळकते, की मोफत अद्ययावततेची मुदत संपली असून पुढील वर्षासाठी अमुक रक्कम भरावी. यंत्र विकत घेतले म्हणजे व्यवहार पुरा झाला, अशी ज्याची समजूत होती, त्याला त्या दिवशी कळते की आपण विकत घेतले ते खोके आणि केबल. त्यातील बुद्धी भाड्याची होती.

कापडाच्या किंवा भुसाराच्या पेढीवर बसणाऱ्या वाचकाला हा गॅरेजवाल्याचा खासगी प्रश्न वाटेल. तो तसा नाही. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावी आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे वाहनांच्या सुट्या भागांच्या, टायर-बॅटरीच्या आणि वंगणतेलाच्या व्यापारात आहेत. काही वाहनकर्जाच्या व्यवसायात आहेत. ह्या दुकानांचा खरा ग्राहक गाडीचा मालक नसून गॅरेजवाला असतो. माल त्याच्या नावावर वहीत लिहिला जातो आणि आठवड्याने किंवा पंधरवड्याने वसूल होतो. त्या गॅरेजवाल्याची दुरुस्ती अडली, की वहीतली ओळही अडते. शिवाय अलीकडे हीच दुकाने स्कॅनरही विकू लागली आहेत, तेव्हा प्रश्न दोन्ही बाजूंनी दारात आला आहे.

हा पिवळा दिवा आला कुठून, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. इंधन मोजून फवारणारी 'एफआय' पद्धत आपल्याकडे नवी नाही. हिरो होंडाने २००६ साली ग्लॅमर गाडीत ती आणली होती, बजाजची २२० सीसीची पल्सर २००७ मध्ये आली. पण ती हौशी आणि महागड्या गाड्यांपुरती होती. गावोगाव धावणारी स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हा, बुलेट ह्या कार्ब्युरेटरवरच चालत आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू कानाने ऐकून लावता येतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि चित्र एका दिवसात पालटले. जुन्या मानकाच्या गाड्या त्या तारखेनंतर विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगून ठेवले होते. ह्यामुळे शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाड्यांतही इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि हे सर्व चालविणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, येऊन बसला. त्याबरोबर गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवून ठेवावा, असे बंधनही आले. पुढे १ एप्रिल २०२३ आणि १ एप्रिल २०२५ ह्या दोन तारखांना हे स्वयंतपासणीचे नियम आणखी कडक झाले.

ह्या तीन तारखांतच अद्ययावततेच्या खर्चाचे मूळ आहे. २०२०, २०२३ आणि २०२५ ह्या तीन सालांतील एकाच नावाच्या तीन गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर रंगपट्ट्यांखेरीज फरक दिसणार नाही. आतला संगणक मात्र नियमाबरोबर बदललेला असू शकतो. स्कॅनरला गाडी ओळखायची तर तिच्या संगणकाची भाषा, त्यातील नोंदींची जागा आणि कंपनीने ठरविलेल्या खुणा त्याला आधी शिकवाव्या लागतात. हे शिकविणे म्हणजे अपडेट. स्कॅनर बनविणाऱ्या कंपनीचे अभियंते प्रत्येक नवी गाडी मिळवून, तपासून ही माहिती तयार करतात. ह्या श्रमाला मोल आहे हे मान्यच केले पाहिजे. इटलीची टेक्सा किंवा चीनमधील शेन्झेनची लाँच, दोन्ही १९९२ साली स्थापन झालेल्या आणि वाहन-तपासणीच्या यंत्रांत जगभर नाव असलेल्या कंपन्या. दोघींच्याही व्यवसायात यंत्राच्या किमतीइतकेच वार्षिक नूतनीकरणाला महत्त्व आहे. तेव्हा वर्गणी मागणे ही लबाडी नव्हे. ती मागितली जाणार आहे हे विकताना न सांगणे, ही लबाडी आहे.

सगळीच माहिती मात्र दरवर्षी बदलत नाही, आणि इथे गॅरेजवाल्याने थोडा अभ्यास केला तर पैसे वाचतात. बिघाडाचे कोड दोन जातींचे असतात. 'पी' अक्षरापुढे शून्य असलेले बरेचसे कोड जगभर सारखे: पी ०१३० म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या मंडलातील दोष, पी ०३३५ म्हणजे क्रँकच्या सेन्सरचा दोष. पाच वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअरही ह्यांचा अर्थ बिनचूक सांगेल. 'पी' पुढे एक असलेले कोड ज्या त्या कंपनीचे खासगी; त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो आणि तिथे जुना स्कॅनर मुका होतो. कोड वाचण्याच्या पलीकडची कामे, म्हणजे एबीएसच्या ब्रेकमधील हवा काढणे, नवी किल्ली गाडीला ओळखायला लावणे, थ्रॉटलची शून्यस्थिती पुन्हा शिकविणे, सर्व्हिसची आठवण पुसणे, ह्यांनाही त्या त्या गाडीची ताजी माहिती लागते.

उलट काही गाड्यांत स्कॅनरचीही गरज नसते. होंडाच्या अनेक दुचाकींत तपासणीच्या कपलरमधील दोन तारा जोडून चावी फिरविली, की पिवळा दिवा स्वतःच लुकलुकून कोड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटी आली, की एकवीस, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. तारेचा एक तुकडा आणि कागद-पेन्सिल एवढ्यावर हे काम होते. जुने मेकॅनिक हे जाणतात; नवी पोरे सरळ स्कॅनर शोधतात.

आता हिशेब. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या कोटेशनचे आकडे घालावेत. समजा, स्कॅनरची किंमत ३०,००० रुपये, दोन वर्षे अपडेट मोफत आणि नंतर दर वर्षी १०,००० रुपये. यंत्राचे आयुष्य पाच वर्षे धरू. दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी. लहान गॅरेजवाल्याची उलाढाल सेवांसाठी असलेल्या वीस लाखांच्या मर्यादेखाली असल्याने तो बहुधा नोंदणीकृत नसतो, म्हणून त्याला ह्या कराचे क्रेडिट मिळत नाही. तो कर खर्चातच धरला पाहिजे. यंत्र ३५,४०० ला पडले. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षीची वर्गणी प्रत्येकी ११,८०० प्रमाणे पुन्हा ३५,४००. पाच वर्षांत एकूण ७०,८०० रुपये. म्हणजे खोक्यावर जी किंमत लिहिली होती तिच्या दुपटीहून अधिक. वर्षाला हा खर्च १४,१६० येतो. गिऱ्हाइकाकडून तपासणीचे शंभर रुपये घेतले, तर वर्षाला १४२ तपासण्या झाल्या पाहिजेत, महिन्याला बारा. रस्त्यावरच्या चालत्या गॅरेजला हे अवघड नाही. मोहोळ किंवा मंद्रूपसारख्या गावात, जिथे अजून निम्म्या गाड्या कार्ब्युरेटरच्या येतात, तिथे मात्र विचार करावा लागेल.

अडचण अशी की सोलापुरात तपासणीचे वेगळे शंभर रुपये देण्याची सवय गिऱ्हाइकाला नाही. डॉक्टरकडे गेल्यावर औषध न घेताही तपासणीची फी तो निमूटपणे देतो. गॅरेजात मात्र 'नुसतं बघितलं तर पैसे कसले?' असे विचारतो. त्यामुळे गॅरेजवाला तो खर्च मजुरीत किंवा भागाच्या किमतीत लपवितो आणि वर्षअखेर यंत्राने कमावले किती, ते त्याचे त्यालाच कळत नाही. बिलावर 'संगणक तपासणी' अशी वेगळी ओळ लिहिली, तर दोन-चार गिऱ्हाइके कुरकुरतील, पण वर्गणीची वेळ आल्यावर ती भरावी की नाही, ह्याचे उत्तर वहीतच मिळेल.

दरवर्षी वर्गणी भरलीच पाहिजे का? इथे यंत्रायंत्रात फरक आहे आणि खरेदीपूर्वी विचारण्याचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच: पैसे देणे थांबविले, त्या दिवशी नेमके काय होईल? काही यंत्रे शेवटच्या अपडेटवर थांबतात, पण जुन्या गाड्यांचे काम करीत राहतात. काहींची प्रत्येक तपासणी इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाला विचारून होते. वर्गणी संपली की ती बंदच पडतात. पहिल्या प्रकारात एखादे वर्ष गाळता येते. कारण रस्त्यावरच्या गॅरेजकडे नवी गाडी पहिल्या दिवशी येत नाही. मोफत सर्व्हिसिंगची आणि वॉरंटीची वर्षे ती अधिकृत केंद्रातच जाते. आज अनेक दुचाकींना पाच वर्षांची वॉरंटी असते. २०२५ च्या गाडीची माहिती ज्याला २०२८ मध्ये लागणार, त्याने ती २०२५ मध्येच विकत घेण्याची घाई का करावी? वरच्या उदाहरणात तिसरे आणि पाचवे वर्ष गाळून फक्त चौथ्या वर्षी वर्गणी भरली, तर पाच वर्षांचा खर्च ७०,८०० ऐवजी ४७,२०० होतो आणि महिन्याला आठ तपासण्या पुरतात. मात्र मध्येच खंड पडल्यास विक्रेता मागील वर्षांचे पैसेही मागेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. नाहीतर गाळलेल्या वर्षाची बचत पुढच्या वर्षी परत जाते.

वर्गणीचा खर्च डोळ्यांत भरतो. वर्गणी न भरल्याचा खर्च दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. सुट्या भागांच्या बहुतेक दुकानांत काउंटरच्या वर एक पाटी असते, 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.' ही पाटी दुकानदाराच्या हेकटपणाची नव्हे. सेन्सर, कॉइल, रिले एकदा गाडीला लावून पाहिले, की ते कोरे राहत नाहीत आणि वितरकही ते परत घेत नाही. आता ज्या गॅरेजवाल्याचा स्कॅनर नव्या गाडीला ओळखत नाही, तो काय करतो? अंदाजाने ऑक्सिजन सेन्सर नेतो आणि 'बदलून पाहू' म्हणतो. दिवा विझत नाही. मग थ्रॉटलचा सेन्सर नेतो. तरी दिवा तसाच. अखेरीस कपलरमध्ये पावसाचे पाणी जाऊन गंजलेली एक पिन किंवा उंदराने कुरतडलेली तार सापडते, जिचे काम वीस रुपयांचे. गाडीचा मालक वीस रुपयांच्या कामाचे पैसे देतो. दोन सेन्सरांचे पैसे तो का देईल? दुकान माल परत घेत नाही. दोन-अडीच हजारांची ओळ गॅरेजवाल्याच्या नावावर वहीत राहते, पुढच्या पंधरवड्यात तिच्यात दुसरी मिळते, आणि हळूहळू तो गॅरेजवाला ते दुकान टाळून शेजारच्या दुकानातून रोखीने माल नेऊ लागतो. जुन्या व्यापाऱ्यांना ही लक्षणे ठाऊक आहेत. उधारी बुडते ती क्वचितच एका रात्रीत. ती अशीच, चुकीच्या निदानांच्या थरांखाली गाडली जाते.

म्हणून दुकानदाराने ह्या यंत्राकडे केवळ विक्रीचा माल म्हणून पाहू नये. काही गोष्टी त्याच्याच हातात आहेत. पहिली म्हणजे दुकानाच्या मालकीचा एक अद्ययावत स्कॅनर ठेवून नेहमीच्या गॅरेजवाल्यांच्या गाड्या दुकानासमोर तपासून देणे. दुकान जीएसटीत नोंदणीकृत असते आणि ह्या सेवेवर तो कर आकारीत असेल, तर यंत्रावरच्या आणि वर्गणीवरच्या कराचे क्रेडिट त्याला मिळते. मग वरच्या उदाहरणातील पाच वर्षांचा खर्च ७०,८०० नव्हे, ६०,००० धरायचा, वर्षाला १२,०००. दहा गॅरेजवाले त्याचा लाभ घेत असतील, तर प्रत्येकी महिन्याला शंभर रुपये आणि वर कर. एकट्याने जे परवडत नाही ते दहा जणांत पानसुपारीच्या खर्चात बसते. त्यातून सेन्सरची विक्री थोडी घटेल, हे खरे. पण जी विक्री वसूल होत नाही ती घटलेलीच बरी. एक दक्षता मात्र हवी. अनेक यंत्रांचा परवाना एका यंत्रापुरता आणि एका धंद्यापुरता असतो. दुकानाने स्वतः तपासणी करून देणे आणि यंत्र दहा ठिकाणी भाड्याने फिरविणे ह्यांत फरक आहे. परवान्यात दुसऱ्याला मनाई असू शकते.

गॅरेजवाल्याला स्वतःचे यंत्रच हवे असेल, तर कर्ज मिळते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतचे 'शिशु' कर्ज अशाच साधनांसाठी आहे. पण कर्ज यंत्राला मिळते, वर्गणीला नव्हे. तीन वर्षांच्या हप्त्यांवर यंत्र घेतले आणि मोफत अपडेट दोनच वर्षांचे असले, तर तिसऱ्या वर्षी हप्ता आणि वर्गणी एकाच वेळी खिशात हात घालतात, आणि नेमका तोच महिना पावसाळ्यातल्या मंदीचा निघाला तर हप्ता थकतो. अर्ज भरतानाच परतफेड दोन वर्षांत बसविता आली, तर हा पेच टळतो. प्राप्तिकरात ह्या खर्चाचा फायदा होईल, अशी आशा दाखविणारे विक्रेतेही भेटतात. नफा-तोट्याचे रीतसर हिशेब ठेवणाऱ्याला वर्गणी हा महसुली खर्च म्हणून वजा मिळतो, हे खरे. पण लहान धंदेवाले बहुधा अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरतात, जिथे उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेच्या सहा टक्के, नफा धरला जातो. तिथे कोणताही खर्च वेगळा वजा होत नाही. परदेशी कंपनीची वर्गणी थेट इंटरनेटवरून भरणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने रिव्हर्स चार्जने कर स्वतः भरायचा असतो, हेही आपल्या कर-सल्लागाराला आठवणीने सांगावे.

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून ग्राहकाच्या बाजूचे आहेत. रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेने सूचना दिली पाहिजे आणि ग्राहकाला ती थांबविता आली पाहिजे. मात्र १५,००० रुपयांपर्यंतची अशी रक्कम पुन्हा ओटीपी न मागता जाते आणि स्कॅनरच्या वर्गण्या बहुधा ह्या मर्यादेच्या आतच बसतात. चोवीस तासांपूर्वीचा तो संदेश वाचणारे कोणी नसेल, तर नियम असून उपयोग नाही.

वर्गणी टाळण्याची एक चोरवाट बाजारात आहे आणि तिच्याविषयी गप्प राहणे योग्य नव्हे. मूळ यंत्राची नक्कल किंवा कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर चौथाई किमतीत मिळते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर असला तर सवलतीला जागा राहत नाही. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी, असल्या यंत्राने गाडीच्या संगणकात काही लिहायला जावे आणि मध्येच ते बंद पडावे, म्हणजे नव्या ईसीयूची किंमत गॅरेजवाल्याच्या माथी. गाडीचा मालक तेव्हा अपडेटची वर्गणी किती वाचली, हे विचारत नाही.

मग वाहन-कंपन्यांनीच ही माहिती खुली का करू नये? हा प्रश्न आपल्या देशात एकदा गंभीरपणे विचारला गेला आहे. शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटारकंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने ठरविले. त्या निकालात दुचाकी नव्हत्या आणि दंडाचा वाद पुढे अपिलात गेला, तरी तपासणीचे साधन ही बाजारपेठ अडविण्याची किल्ली असू शकते, हे तत्त्व तिथे मान्य झाले. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत वाहने होती, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ह्या हक्काचे पोर्टलही सुरू झाले. युरोपीय संघाने दुचाकींसाठी २०१३ साली केलेल्या नियमावलीत तर उत्पादकाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना रास्त शुल्कात उपलब्ध करावी असे बंधन आहे, आणि ते शुल्क केवळ वर्षाचे न ठेवता दिवसाचे आणि महिन्याचेही ठेवावे लागते. ही तरतूद सोलापूरसाठी किती उपयोगाची आहे, ते पाहा. ज्याच्याकडे महिन्यातून एकदाच एखादी अपरिचित गाडी येते, त्याने एका दिवसाचे पैसे भरावेत आणि काम उरकावे. आपल्याकडे मोबाइलचा डेटा दिवसाच्या पुडीत विकला जातो, शाम्पूही एका रुपयाच्या पुडीत मिळतो. स्कॅनरची माहितीच तेवढी वर्षाच्या पोत्याने का विकावी? वितरकांच्या बैठकीत ही मागणी व्यापाऱ्यांनी लावून धरण्यासारखी आहे.

शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. ते मूळचे सोलापूरचे, हे येथे सांगावे लागत नाही. त्या कंपनीच्या मोटारी पुढे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर राहिल्या, कारण पुस्तिका वाचून कोणताही हुशार मिस्त्री त्या उघडू शकत होता. आज विजेच्या दुचाकींचे सॉफ्टवेअर कंपनी मोबाइलच्या जाळ्यावरून रात्रीत बदलते आणि सकाळी गॅरेजवाल्यापुढे येते ती काल तपासलेली गाडीच नसते. ह्या दिशेने वारे वाहत असताना वर्गणी नकोच म्हणून चालणार नाही. ती कशाची, किती आणि केव्हापासून, हे मात्र व्यापाऱ्याने बिलावर उतरविले पाहिजे.

कारण तिसऱ्या वर्षी यंत्र अडले, की गॅरेजवाला शेन्झेनला जात नाही, ज्या काउंटरवरून त्याने ते घेतले तिथे येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेले साधन असेल, तर गॅरेजवालाही 'ग्राहक'च ठरतो आणि वर्गणीची गोष्ट दडवून यंत्र विकल्याची तक्रार तो जिल्हा आयोगाकडे नेऊ शकतो. तेव्हा बिलावर यंत्राची किंमत, मोफत अपडेटची अखेरची तारीख, त्यानंतरचे आजचे वार्षिक शुल्क आणि शुल्क न भरल्यास यंत्राचे काय चालू राहील, एवढ्या चार गोष्टी मराठीत लिहून ग्राहकाची सही घ्यावी. ती अखेरची तारीख ठरविताना एक बारकावा लक्षात ठेवावा. बऱ्याच यंत्रांत मोफत अपडेटची मुदत बिलाच्या दिवसापासून मोजत नाहीत. यंत्र प्रथम चालू करून इंटरनेटवर नोंदविले, त्या दिवसापासून मोजतात. गिऱ्हाइकाला दाखविण्याच्या भरात दुकानात खोके फोडून यंत्र चालू केले आणि मग ते चार महिने कपाटात राहिले, तर विकले जाईल तेव्हा त्याच्या दोन वर्षांतले चार महिने दुकानातच संपलेले असतील. दाखविण्याचे यंत्र एकच आणि वेगळे ठेवावे; बाकीच्या खोक्यांची सीले गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने फोडावीत.